दाराच्या चौकटीवरचा आकडा

लॉयल बेकस्ट्रम चाव्या खुळखुळवत म्हणाला,
"वाँडा, हाच घे. अकरा हजार पौंड ओढतो,
आणि आत बसलीस की घरच्या सोफ्यावर बसल्यासारखं."
खरंच होतं. सीटला ऊब होती,
स्टिअरिंग एका बोटाने फिरत होतं,
बफेलोच्या मेन स्ट्रीटवर तो एका दमात वळला.

शेजारी दुसरा उभा होता.
डिझेलचा, मागे चार चाकं, सहा वर्षं वापरलेला,
चढायला पायरी, पायरीवर चढायला धीर.
"रिकामा असला की दात वाजवतो," लॉयल म्हणाला,
"आणि वर्षातले तीनशे दिवस तू रिकामीच हिंडतेस."
तेही खरंच होतं.
त्याच्या मनात दुसरं काही नसावं.

मी हलक्याचं दार उघडलं. चौकटीवर
पिवळ्या कडेचा कागद, मुंगीएवढी अक्षरं:
पंधराशे चाळीस.
हे ओढायचं वजन नव्हे, वाहायचं.
ओढायचं ते मागे स्वतःच्या चाकांवर येतं,
वाहायचं ते थेट पाठीवर.

मी नालबंद. मला वजनं तोंडपाठ.
पावतीच्या मागे मांडत गेले:
ऐरण, भट्टी, गॅसची टाकी,
नालांची खोकी, वरचं छप्पर, कुत्रा.
मग ट्रेलरच्या दांड्याचा भार, जो हुकावर दाबून बसतो
आणि कुणाच्याच लक्षात राहत नाही.
शेवटी मी.
माणूस सगळं धरतो हिशेबात,
स्वतःला धरायचं राहून जातं.

लॉयल म्हणाला, "एवढं कोण मोजतं?"
माझा भाऊ एमेट मोजत नव्हता.
टेन स्लीपच्या उतारावर, जुलैत,
त्याच्या ब्रेकमधून धूर निघाला,
आणि मागचं पुढच्याला हाकू लागलं.
एमेट वाचला. अजून जेवताना हात टेबलाला घट्ट धरतो.
चढावर इंजिन नुसतं ओरडतं,
ओरडून कुणी मरत नाही.
ट्रक कुणाचा किती, ते उतारावर कळतं.

बेरीज झाली. दीडशे पौंड जास्त.
लॉयलने माझ्या हातातला पेन घेतला,
माणूस वाईट नाही, मदतच करत होता,
आणि एका ओळीवर आडवी रेघ मारली.
"ही म्हातारी सोड.
टॉप्स एकटाच असेल तर बसतंय.
बघ, पाच पौंड उरतात."

ज्युनिपर. अकराशे पौंड, सत्तावीस वर्षं,
पुढचे दात झिजलेले, दाणा भिजवून द्यावा लागतो.
मी जिला पहिला नाल ठोकला ती हीच,
आणि तो वाकडा बसला तरी तिने पाय ओढून घेतला नव्हता.
हा हिवाळा ती काढेल का, हे
डॉक्टर बोलत नाही, मी विचारत नाही.
आणि इथे, मऊ सीटच्या ट्रकमध्ये,
हप्त्यांच्या कागदावर सही करायची म्हणजे
तिच्या जाण्याची तारीख आगाऊ धरायची.

मी दुसऱ्याच्या चाव्या मागितल्या.

दात वाजवतो, लॉयल खोटं बोलला नव्हता.
कॉफी सांडते, कुत्रा तक्रार करतो,
डिझेलच्या पंपावर मी आकड्यांकडे बघत नाही.
काल दोघांना घेऊन पहिल्यांदा घाट उतरले.
गिअर पाडला, इंजिननेच वेग धरून ठेवला,
ब्रेकवर पाय नुसता टेकलेला.

जुन्या गाडीत ज्युनिपरने पाय बदलला
तरी स्टिअरिंगमधून माझ्या तळहाताला कळायचं.
याच्यात काहीच कळत नाही.
मागे डोंगर असो की पिसं, याला सारखंच.

अर्ध्या उतारावर थांबायला जागा आहे, तिथे थांबले.
गरज नव्हती.
ट्रेलरच्या फटीतून हात आत घातला,
आणि ओला, गरम श्वास
बोटांवर येईपर्यंत
तसाच ठेवला.